मौलिकतेचे दहा गुण

आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धेच्या परीक्षकाच्या हाती जो छापील तक्ता देतात, त्यात बहुधा चार रकाने असतात : आशय, भाषा, मौलिकता आणि एकूण परिणाम. प्रत्येकाला दहा गुण. गेली पंधरा-सोळा वर्षे मी असे तक्ते भरत आलो आहे आणि 'मौलिकता' या रकान्यापाशी माझे पेन कधी अडखळल्याचे मला आठवत नाही. आशयापाशी अडखळते, भाषेपाशी तर फारच. मौलिकतेचा आकडा मात्र कवितेवरून नजर फिरताच मनात उभा राहतो. जी गोष्ट इतक्या सहज मोजता येते ती आपण खरोखर मोजत असतो काय, ही शंका मला फार उशिरा आली. ती कशी आली ते सांगतो. प्रसंग माझ्या बाजूने फारसा शोभादायक नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत माझ्यापुढे सत्तरेक कविता होत्या. नावे झाकलेली, वर फक्त क्रमांक. त्यांतली एक रचना ओव्यांची होती, अकरा ओव्या. विषय होता स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची अभ्यासिका. जात्यावरच्या ओव्यांत पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला असा एक क्रम बांधण्याची रीत आहे. देव, आईबाप, भाऊ, गावची वेस अशी ती माळ पुढे सरकते. या रचनेत पहिली ओवी अभ्यासिकेतल्या खुर्चीला वाहिलेली होती. दुसरी, त्या जागेवर आधी बसून गेलेल्या कुणीतरी टेबलाच्या कडेला कर्कटकाने कोरून ठेवलेल्या तारखेला. मग मेसच्या डब्याला, गावाहून येणाऱ्या फोनला, निघता निघता राहिलेल्या जाहिरातीला. नववी ओवी वयोमर्यादेला होती. अकरावी कुणालाच नव्हती. ती कुणाला वाहावी हे गाणारीला सुचत नाही, एवढेच तिच्यात सांगितले होते.

मी तिला मौलिकतेचे तीन गुण दिले. शेऱ्याच्या जागी लिहिले : छंदावर हात बसलेला आहे, परंतु पारंपरिक साच्यातून बाहेर पडण्याची आवश्यकता आहे.

पहिले बक्षीस ज्या कवितेला मिळाले तिला मी त्याच रकान्यात नऊ दिले होते. ती मुक्तछंदात होती. काळोखापासून तिची सुरुवात होत होती, मध्यावर शब्दांनी कवीची साथ सोडली होती आणि शेवटी कवी आरशापुढे उभा होता. आरशात चेहरा नव्हता. ती कविता वाईट होती असे मी आजही म्हणणार नाही. पुढच्या वर्षी त्याच संयोजकांनी आजवरच्या बक्षीसपात्र कवितांचे एक पुस्तक काढायचे ठरवले आणि सगळी जुनी फाईल संपादनासाठी माझ्याकडे आली. दोन रात्रींत सलग वाचून काढली. काळोख, मौन, आरसा, न संपणारा रस्ता, रुसलेले शब्द. ओळ तुटण्याच्या जागादेखील त्याच. शेवटच्या ओळीत एकटे उरलेले क्रियापदही तेच. ही मुले निरनिराळ्या जिल्ह्यांतली, निरनिराळ्या वर्षांतली, एकमेकांची तोंडेही न पाहिलेली. एका जात्यावर इतक्या जणींनी दळले तरी पीठ इतके सारखे पडत नाही. आणि या प्रत्येक कवितेला माझ्यासारख्याच कुणा परीक्षकाने मौलिकतेचे भरघोस गुण दिलेले असणार, त्यावाचून ती त्या फाइलीत आली नसती.

'मौलिक' हा शब्द आपण कसा वापरतो, हेही पाहण्यासारखे आहे. सभेत 'पाहुण्यांनी मौलिक विचार मांडले' असे सूत्रसंचालक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'मोल' असते. परीक्षक 'मौलिक' म्हणतो तेव्हा त्याला 'पूर्वी न पाहिलेले' असे म्हणायचे असते. शब्द मात्र 'मूळ' या शब्दापासून आलेला आहे. ज्याला मूळ आहे ते मौलिक. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त काढू नये हे मी वर्गात सांगत असतो, म्हणून येथे थांबतो. परंतु आपल्या जुन्या काव्यशास्त्राने प्रतिभेची व्याख्या करताना जो शब्द योजला तो 'उन्मेष' आहे, आणि उन्मेष म्हणजे उमलणे, डोळा उघडणे. भट्टतौताच्या नावावर असलेली ती व्याख्या आपण पदवीच्या पहिल्या वर्षी घोकतो आणि तिच्यातल्या 'नव नव' या दुहेरी शब्दावर भर देतो. 'उन्मेष' परीक्षेपुरता उरतो. उघडलेल्या डोळ्याला जे दिसते ते आधीपासून तेथे असते, ही गोष्ट त्या शब्दातच आहे.

आनंदवर्धनाने तर हा प्रश्न अधिक व्यवहारी पातळीवर सोडवला होता. दोन कवींच्या रचनांत साम्य आढळले तर काय समजावे? 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात त्याने साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे, तिसरे दोन देहधारी माणसांतल्या साम्यासारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा देह नसतो आणि चित्राला वेगळा देह असला तरी त्यातला जीव तुच्छ असतो, म्हणून ही दोन्ही टाकाऊ. दोन माणसे मात्र चेहऱ्यामोहऱ्याने सारखी असली तरी प्रत्येकात जीव आपापला असतो, म्हणून असे साम्य कवीने टाळण्याचे कारण नाही. वसंतात जुनीच झाडे नवी दिसतात, तसे रसाच्या स्पर्शाने जुने विषय नवे होतात, हेही त्यानेच म्हटले आहे. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या विचाराचा विस्तार करून शब्दहरण आणि अर्थहरण यांचे इतके बारीक वर्गीकरण केले की, वाचताना चोरांच्या धंद्याचे हस्तपुस्तक वाचत असल्याचा भास व्हावा. चोरी न करणारा कवी नसतो आणि चोरी न करणारा व्यापारीही नसतो, असे तो मिस्कीलपणे सांगतो. सांगायचा मुद्दा इतकाच की, हजार वर्षांपूर्वीच्या या परीक्षकांचा प्रश्न 'हे आधी कुणी केले आहे काय' असा नव्हता. 'याला स्वतःचा जीव आहे काय' असा होता. माझ्या तक्त्यात पहिल्या प्रश्नासाठी रकाना आहे, दुसऱ्यासाठी नाही.

संस्कृत काव्यशास्त्राचा आधार घेतला की आपल्यातल्या काहींना लगेच शंका येते की, हा गृहस्थ आता नव्याच्या विरोधात बोलणार. म्हणून मराठीतल्या सर्वांत नव्या कवीकडे वळतो.

बा. सी. मर्ढेकरांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९चा. त्यातल्या कविता वाचताना बालकवींची आणि माधव जूलियनांची सावली लपत नाही. त्या काळात तरुण कवीने जसे लिहायचे तसेच मर्ढेकरांनी लिहिले होते. त्या वेळी ते काही परंपरेचे पालन करतो आहोत अशा जाणिवेने लिहीत नसावेत. 'कविता' म्हणजे जे असते तेच आपण लिहितो आहोत, असेच त्यांना वाटत असणार. आठ वर्षांनी, १९४७ साली, 'काही कविता' आली आणि मराठी कवितेचा इतिहास तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा दुभंगला. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला. कवी त्यातून निर्दोष सुटले. दुर्बोधतेचा खटला मात्र कोर्टाबाहेर पुढे कित्येक वर्षे चालला. महायुद्ध, यंत्रे, मुंबईचे गर्दीतले जिणे, प्रयोगशाळेतले आणि कारखान्यातले शब्द हे सारे त्या कवितेत आले. आता पाहा, हे आले कशातून? ओवीतून आणि अभंगातून. ओल्या पिंपातल्या उंदरांची ती प्रसिद्ध कविता, जिच्यावर आपण सर्वांनी निदान एक तास घेतलेला आहे, ती सोळा मात्रांच्या पादाकुलकात आहे. लहान मुलांना पाठ व्हावी इतक्या ओळखीच्या लयीत. त्या लयीमुळेच ती कविता अंगावर येते. मरणाचे ते दृश्य विस्कळीत गद्यात आले असते तर आपण हळहळून पुढे गेलो असतो. येथे कान ताल धरतो आणि मन त्या तालाला आक्षेप घेते. कवितेचे सारे क्रौर्य या ओढाताणीत आहे.

अभंगाची घडण वर्गात शिकवताना आपण फळ्यावर सहा-सहा-सहा-चार असे आकडे मांडतो, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतले यमक अधोरेखित करतो आणि पुढच्या छंदाकडे वळतो. त्या आकड्यांतला चौथा का आखूड आहे, हे क्वचितच विचारतो. तीन चरण चालून आल्यावर चार अक्षरांची ती पायरी येते. तेथे संतांच्या अभंगात वाक्य टेकते, श्वास सुटतो. शतकानुशतकांच्या भजनांनी मराठी कानाला त्या पायरीची सवय लावली आहे. अक्षरे न मोजणाऱ्या माणसालाही तेथे विसावा अपेक्षित असतो. मर्ढेकरांना ही अपेक्षा आयती मिळाली. अभंगाच्या वळणाने जाणाऱ्या त्यांच्या कवितांत कान विसाव्याच्या जागेवर येऊन पोचतो आणि तेथे विसावा नसतो. एखादा प्रश्न असतो, किंवा एखादी अशी वस्तू जिच्यापुढे हात जोडता येत नाहीत. ही निराशा नव्या छंदात निर्माण करता आली नसती, कारण नव्या छंदाकडून कुणाची अपेक्षाच नसते. पायरी कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचाच पाय चुकतो.

म्हणजे 'शिशिरागम'मध्ये कवी संकेतांच्या आत होता आणि त्याला ते दिसत नव्हते. 'काही कविते'त त्याने त्याहून कितीतरी जुना संकेत डोळसपणे उचलला आणि तो नवा झाला. माझ्या मते या दोन संग्रहांतले अंतर हे 'परंपरेकडून नवतेकडे' असे नाहीच. न दिसणाऱ्या संकेताकडून दिसणाऱ्या संकेताकडे झालेला तो प्रवास आहे. आणि येथेच माझ्या तक्त्याची चूक मला सापडते. ओवी लिहिणाऱ्या त्या मुलीचा संकेत मला चार हातांवरून दिसत होता, म्हणून मी तो तिच्या खात्यावर उणे धरला. बक्षीसपात्र कवीचा संकेत मला दिसलाच नाही, कारण मी स्वतः त्याच्या आत उभा होतो.

मुक्तछंद हाही एक संकेत आहे, आणि आज तो मराठीतला सर्वांत वापरलेला संकेत असावा. तो ज्यांनी मराठीत रुजवला त्या कवी अनिलांना याची जाण होती. १९४०च्या 'भग्नमूर्ती'पासून मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या या कवीने पुढे स्वतःसाठी दहा ओळींची एक बांधीव रचना घडवली, तिला 'दशपदी' असे नाव दिले आणि त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुक्तीच्या प्रवर्तकाने उतारवयात स्वतःला दहा ओळींचे कुंपण घालून घ्यावे, हा विरोधाभास म्हणून आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि ती मुले हसतात. मला आता त्यात विरोध दिसत नाही. वृत्तांचे बंधन तोडताना अनिलांना ते बंधन काय आहे हे अंगवळणी ठाऊक होते. तोडणे ही त्यांच्यासाठी एक कृती होती. ज्याने अक्षरगणवृत्तात एक श्लोकही कधी रचलेला नाही अशा विद्यार्थ्यासाठी मुक्तछंद ही कृती उरत नाही. ती त्याला मिळालेली चाळीतली खोली आहे. भिंती त्याने बांधलेल्या नाहीत आणि पाडलेल्याही नाहीत. मुक्तछंद आणि छंदमुक्त यांतला फरकही आता परीक्षेच्या टिपांपुरता राहिला आहे. विंदा करंदीकरांनी मुक्त सुनीत लिहिले, 'आततायी' असे विशेषण लावून अभंग लिहिले आणि 'अष्टदर्शने'त देकार्तपासून चार्वाकापर्यंतचे तत्त्वज्ञ अभंगाच्याच वळणाने मराठीत आणले. त्यांच्या प्रयोगशीलतेवर आपल्याकडे प्रबंधांची कमतरता नाही. त्या प्रबंधांचे मार्गदर्शक आणि ओवीला तीन गुण देणारे परीक्षक हे पुष्कळदा एकच असतात, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

येथे एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. संकेत हे कुणाचे? वृत्ते, अलंकार, शिष्टसंमत शब्दकळा यांची मालकी ज्या वर्गाकडे होती त्यानेच बहुसंख्यांना अक्षरापासून दूर ठेवले. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा नामदेव ढसाळांनी मराठी कवितेची सारी सभ्य मांडणी उधळून लावली, आणि ती उधळणे ही त्या आशयाची गरज होती. त्या जगाविषयी शार्दूलविक्रीडितात लिहिता आले असते काय, असे मला कुणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. कदाचित प्रश्नच अश्लील ठरेल. ज्याला घरात येऊ दिले नाही त्याने घराच्या वास्तुशास्त्राचा आदर करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आक्षेप मला मान्य आहे, परंतु तो ज्या निष्कर्षाकडे नेला जातो तो मान्य नाही. संकेत म्हणजे केवळ पंडितांचे संकेत, असे धरून चाललो तर जलशांचे काय करायचे? सत्यशोधक जलसे आणि मागून आलेले आंबेडकरी जलसे तमाशाच्या ओळखीच्या चौकटीतून उभे राहिले. अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्यात गण ठेवला आणि त्यातला गणपती काढून मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातले. प्रेक्षकाला गणाची जागा ठाऊक होती, तेथे कुणापुढे वाकायचे असते हे ठाऊक होते. म्हणून कुणाला हलवले आणि कुणाला बसवले हे त्याला एका क्षणात कळले. भाष्याची गरज पडली नाही. संपूर्ण नव्या नाट्यरूपात तीच गोष्ट सांगायला दहा मिनिटांचे भाषण लागले असते. वामनदादा कर्डक यांची गाणी गावोगावच्या लोकांना पाठ आहेत, ती लोकांच्या ओळखीच्या चालींवर चालतात. आणि नेमक्या त्याच कारणाने आपल्या विद्यापीठीय चर्चेत त्यांना 'कवी' म्हणताना कित्येकांची जीभ रेंगाळते, 'गीतकार' म्हणून सुटका करून घेतली जाते. मौलिकतेचा निकष बंडखोरांच्या बाजूचा आहे असे आपण समजतो. वामनदादांना दाराबाहेर ठेवण्याच्या कामीही तो वापरला गेला, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता दुसरी बाजू. संकेत घेतला की कविता झाली, असेही नाही. असे म्हणणाऱ्याला मी आजच्या गझलेच्या मैफलीत नेऊन बसवीन. माधव जूलियनांनी 'गज्जलांजली'तून जे रूप मराठीत आणले ते सुरेश भटांनी लोकांच्या ओठांवर आणि मोर्चांत नेले. 'गझलेची बाराखडी' लिहून त्यांनी नवोदितांना तंत्र मोकळ्या हाताने वाटले, ही आपल्या वाङ्मयव्यवहारातली दुर्मीळ उदारता आहे. त्यानंतर आलेल्या गझलांच्या पुरात अशा किती आहेत की, ज्यांचा रदीफ ऐकताच पुढचा काफिया श्रोते आधीच म्हणून टाकतात आणि त्या म्हणून टाकण्याच्याच आनंदाला दाद देतात! आनंदवर्धनाच्या भाषेत हे प्रतिबिंब. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाची तऱ्हा दोनच वर्षांत इतकी ठरून गेली होती की, अत्र्यांना 'झेंडूची फुले' उधळायला ती पुरेशी झाली. विडंबनाची ही एक मोठी उपयुक्तता आहे : न दिसणारा संकेत ते दिसायला लावते. आपल्या पिढीच्या मुक्तछंदाला अजून त्याचा अत्रे भेटलेला नाही, हे त्याचे सुदैव की दुर्दैव हे मी ठरवू शकलेलो नाही. असो.

तेव्हा गुण संकेताला द्यायचे नाहीत आणि संकेतभंगालाही द्यायचे नाहीत. मग कशाला? मर्ढेकरांनी आपल्या समीक्षेत 'आत्मनिष्ठा' असा शब्द वापरला आहे. लेखक आपल्या अनुभवाशी किती प्रामाणिक राहतो, हे तो शब्द विचारतो. तो रकान्यात बसणारा नाही याची मला कल्पना आहे. परंतु एक खूण मला अलीकडे उपयोगी पडू लागली आहे, आणि ती मी जात्यावरच्या ओव्यांकडून घेतली आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून लाखभर ओव्यांचा संग्रह उभा केला, तो आता 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायलाही मिळतो. त्या ओव्या ओळीने वाचत गेले की एक गोष्ट जाणवते. पहिली ओळ पुष्कळदा साऱ्या मुलखाची असते. तीच ती, अनेक गावांतल्या अनेक बायकांच्या तोंडी असलेली. दुसऱ्या ओळीत मात्र अचानक एखाद्या बाईचे घर येते, तिचा भाऊ, तिची सवत, तिच्या दाराशी न थांबलेली गाडी. पहिली ओळ तिला दम घ्यायला आणि जाते फिरते ठेवायला उपयोगी पडते. तेवढ्यात दुसरी सुचते. पहिली ओळ मौलिक नाही म्हणून तिला नापास केले, तर दुसरी कधी जन्माला येणारच नाही. मी आता कविता वाचताना एवढेच शोधतो की, यात सगळ्यांची ओळ कोणती आणि हिची एकटीची कोणती. बक्षीसपात्र कवितांच्या त्या फाइलीत एकटीची ओळ शोधायला मला फार वेळ लागला. पुष्कळ ठिकाणी ती सापडली नाही. प्रत्येक ओळ सगळ्यांची होती, फक्त ती तशी असल्याचे कुणाला माहीत नव्हते. उलट अभ्यासिकेच्या त्या ओव्यांत टेबलावर कोरलेली ती तारीख होती.

शिक्षक म्हणून यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. छंदःशास्त्र आपण लघुगुरूंची खूण करून वृत्त ओळखण्यापुरते शिकवतो. पाच गुणांचा तो एक प्रश्न असतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आधी वस्तुचित्रणाचा हात बसवावा लागतो, गाणाऱ्याला पलटे घोटावे लागतात, आणि त्याने त्यांच्या प्रतिभेवर अन्याय होतो असे कुणी म्हणत नाही. कवितेच्या विद्यार्थ्याला मात्र आपण पहिल्याच दिवशी 'स्वतःचा आवाज' शोधायला पाठवतो. तो बिचारा जाऊन सगळ्यांचा आवाज घेऊन येतो. गेल्या वर्षी मी वर्गात प्रत्येकाला दहा ओव्या रचायला सांगितल्या, गुणांशिवाय. दोघा-तिघांनी कंटाळा केला. एकाने विचारले की, सर, हे अभ्यासक्रमात आहे का? बाकीच्यांच्या ओव्यांत त्यांच्या गावांची, बसच्या वेळांची, वसतिगृहातल्या पाण्याची नावनिशी आली. त्यांच्या मुक्तछंदात ती कधी आली नव्हती. यावरून सिद्धान्त बांधण्याइतका हा प्रयोग मोठा नाही, पण त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

तक्त्यातला तो रकाना काढून टाकावा असे मी संयोजकांना सुचवले. एका सहकारी परीक्षकांनी विचारले की, मग चौर्यकर्माला आळा कसा घालणार? प्रश्न रास्त आहे, विशेषतः आजच्या दिवसांत, जेव्हा यंत्राला सांगितले की ते क्षणात कविता काढून देते. परंतु ते यंत्रही काळोख, मौन आणि आरसा फार झकास जुळवते, आणि माझ्या रकान्यात त्याला नऊ मिळाले असते, ही माझी खरी अडचण आहे. यावर आमचे एकमत झाले नाही. रकाना अजून तेथेच आहे.

ती फाईल वाचून संपवल्यावर मी संयोजकांकडून त्या ओव्यांच्या क्रमांकामागचे नाव मिळवले आणि तिला फोन केला. ती परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यातच होती. बहुधा त्याच खुर्चीवर. त्या अकरा ओव्या पुस्तकात घ्यायच्या आहेत, असे मी सांगितले. बक्षीस न मिळालेली रचना बक्षीसपात्र कवितांच्या पुस्तकात कशी, असे तिने विचारले, आणि मी काहीतरी पुटपुटलो. पहिल्या ओवीची चाल आजीची होती, एवढे तिने सांगितले. मग म्हणाली की, ती वही आता तिच्याजवळ नाही, आणि तसेही ते जुन्या पद्धतीचे होते. स्पर्धेनंतर तिने परीक्षकांचा शेरा मागवून घेतला होता आणि त्याचा तिला पुष्कळ उपयोग झाला. तो शेरा कुणी लिहिला होता हे तिला ठाऊक नव्हते आणि मी सांगितले नाही. आता ती वेगळे लिहिते. हवे असल्यास पाठवते, म्हणाली.

त्याच संध्याकाळी कविता आली. मुक्तछंदात आहे, बावीस ओळींची. पहिल्या ओळीत काळोख आहे, आणि शेवटच्या ओळीत एकटे क्रियापद.